गुण्याखालचा उजेड

भाचीच्या शाळेने आठवीच्या वार्षिक परीक्षेनंतर घरी एक छापील कागद पाठवला आणि माझी धाकटी बहीण तो घेऊन त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली. नववीपासून एका भाषाविषयाच्या जागी व्यवसायाशी जोडलेला एक विषय घेता येईल, असे त्यात लिहिले होते. खाली चार नावे होती: हेल्थकेअर, रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस आणि ऑटोमोटिव्ह. प्रत्येक नावापुढे एक चौकोन होता आणि तळाशी पालकांच्या सहीसाठी रेघ. "ताई, ह्यातला सगळ्यात निरुपद्रवी कुठला गं?" असे बहिणीने विचारले, तेव्हा मला हसू आले, पण तिच्या प्रश्नात खोट काढण्याजोगे काही नव्हते. दहावीच्या टक्क्यांना धक्का लागू नये, अकरावीच्या प्रवेशात आडवा येऊ नये आणि नातेवाइकांपुढे सांगताना खाली बघावे लागू नये, एवढ्या तीन चाळण्यांतून जो विषय खाली उतरेल तो तिला हवा होता. भाचीने मात्र आम्हा दोघींना विचारण्याआधीच हेल्थकेअरच्या चौकोनात पेनाने खूण करून टाकली होती.

माझ्या वेळी असा कागद नव्हता. १९८७ साली मी आठवीत गेले तेव्हा लालबागच्या आमच्या शाळेत 'टेक्निकल घ्यायचे की नाही' एवढाच प्रश्न असे, आणि तोही मुलग्यांना विचारला जाई. मुलींसाठी शिवण होते. नियमाने टेक्निकल मुलींना बंद नव्हते, पण आजवर कुणी घेतले नाही म्हणून कुणी घेत नाही, अशी ती व्यवस्था होती. त्या वर्षी आम्ही पाच जणींनी घेतले, आणि त्यात माझी स्वतःची निवड कणभरही नव्हती. शेजारच्या खोलीतल्या काकांनी बाबांना सांगितले होते की टेक्निकलच्या मुलांसाठी पॉलिटेक्निकला काही जागा राखून ठेवलेल्या असतात. बाबांना तेवढे पुरेसे होते. आईचे म्हणणे पडले की शिवण शिकलेले घरी तरी कामाला येते; त्यावर बाबा म्हणाले, "घरी कामाला येणारं शिकवायला तू आहेस की."

बाबांच्या ह्या उत्साहामागे वेगळा इतिहास होता. ते कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. गिरणीत कसब शिकण्याची रीत अशी, की चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या साच्याजवळ उभे राहायचे, बदली म्हणून आत शिरायचे आणि तुटलेला धागा बोटांनी सांधता सांधता पाच-सात वर्षांत कामगार व्हायचे. शिकवणारा कुणी नेमलेला नसे, परीक्षा नसे आणि प्रमाणपत्रही नसे. साच्याच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय ढिले झाले आहे, हे बाबा सांगू शकत. पण १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर आले, आणि त्यातले अनेक जण पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. बाबांची गिरणी रखडत चालू झाली, पण त्यांना परत घेतले नाही. वरळीच्या एका इमारतीत त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. साच्याचा आवाज ओळखणारा कान तिथे गाड्यांच्या हॉर्नसाठी वापरात आला. एकाच यंत्राला बांधलेले कसब त्या यंत्राबरोबर संपते, हे आमच्या घराने अभ्यासक्रमाविना शिकून घेतले होते, आणि तरीही बाबांना वाटे की कागदावर उतरलेले कसब टिकत असावे.

टेक्निकलच्या कार्यशाळेसाठी आम्हाला आठवड्यातून दोनदा शाळेपासून दूर असलेल्या केंद्रात जावे लागे. पहिल्या दिवशी सरांनी आम्हा पाच जणींकडे पाहून "मुलींनी फायलिंग करून काय करायचंय?" असे विचारले; पण नंतरच्या तीन वर्षांत त्यांनी आम्हाला एकाही गुणाची सवलत दिली नाही, ह्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पहिला धडा कानस ह्या धातू घासायच्या हत्याराचा होता. कानशी एकीवर एक टाकायच्या नाहीत, कारण पोलाद पोलादावर घासले की दात बोथट होतात. ढकलताना भार द्यायचा, मागे घेताना भार काढायचा. पाय कसे ठेवायचे, कोपर कुठे असावे आणि तुकडा घट्ट धरणाऱ्या व्हाइसची उंची कोपराशी कशी जुळवायची, ह्यातच दोन आठवडे गेले. मग प्रत्येकाला माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा मिळाला, जो घासून ५० मिलिमीटर चौरस करायचा होता. त्यावर मोरचुदाचे पाणी फासले की लोखंडावर तांबूस थर चढे, आणि स्क्राइबरने ओढलेली रेघ त्यावर चकाकत उमटे. त्या रेघेपर्यंत घासत यायचे आणि रेघ मात्र खायची नाही.

परीक्षा गुण्याची, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराची होती. सर तुकड्याच्या कडेवर गुण्या टेकवत, तो डोळ्यांसमोर धरून खिडकीकडे तोंड करत आणि एक डोळा मिटत. गुण्या आणि लोखंड ह्यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर कड सरळ नाही. उजेड मध्ये दिसला तर मध्ये खोलगट आहे आणि टोकांना दिसला तर मधोमध फुगीर आहे. माझ्या तुकड्याला कायम दोन्ही टोकांना उजेड दिसे, कारण माझे हात ढकलताना झोका घेत. सरांनी हे न पाहता, नुसता तुकडा बघून सांगितले होते. मी सहा आठवडे तो तुकडा घासला. माझ्या शेजारचा मुलगा, ज्याला बीजगणितात काठावर गुण मिळत आणि ज्याला वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे, त्याने चौथ्या आठवड्यात चारही कडा अशा आणल्या की गुण्याखाली काळोख दिसे. सरांनी तो तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला. त्या दिवशी वर्गातला क्रम काही तासांपुरता उलटा झाला होता, आणि त्याची जाणीव आम्हा हुशार म्हणवणाऱ्यांना फारशी सुखाची झाली नाही.

अभियांत्रिकी रेखांकनात मात्र माझा हात चालला. एखाद्या ठोकळ्याचे वरून, समोरून आणि बाजूने काढलेले तीन देखावे पाहिले की अख्खा ठोकळा माझ्या डोळ्यांपुढे फिरू लागे. तीन वर्षांत मला स्वतःबद्दल दोन गोष्टी कळल्या. वस्तू मोजायला, वाचायला आणि कागदावर मांडायला मला आवडते. ती स्वतः घडवायला मला जमत नाही, आणि खरे सांगायचे तर आवडतही नाही. दहावीला गुण बरे पडले, राखीव जागांसाठी मी पात्रही होते, पण पॉलिटेक्निकला गेले नाही. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. पंधरा-सोळाव्या वर्षी, फी म्हणून जवळजवळ काही न भरता आणि एकही वर्ष वाया न घालवता, मला एका धंद्याला 'नाही' म्हणता आले, ह्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते. हा 'नाही' मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी म्हटला असता तर तो बाबांच्या वॉचमनच्या पगारातून वळता झाला असता.

आपल्याकडे ह्या विषयांची शिफारस करणाऱ्यांची परंपरा लांबलचक आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब ह्यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवणारी नई तालीम मांडली. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावातली मुले शेती, ऊर्जा, आरोग्य व बांधकाम ही कामे प्रत्यक्ष करत विज्ञान शिकू लागली. तोच धागा पुढे माध्यमिक शाळांमधल्या व्यवसायविषयापर्यंत आला. पण मुंबईच्या सर्वसाधारण शाळेपर्यंत येता येता कोठारी आयोगाच्या कार्यानुभवाचे जे झाले ते माझ्या पिढीला आठवत असेल. त्या तासाला आम्ही खडू आणि मेणबत्त्या बनवल्या, कागदाची फुले केली, आणि तपासणीच्या आदल्या रात्री आयांनी चाळीतल्या दिव्याखाली बसून ती फुले पुरी केली. माझ्या आईला कार्यानुभवात कायम 'अ' श्रेणी मिळाली.

अकरावीला मी विज्ञान शाखेत द्विलक्षी अभ्यासक्रमाचे इलेक्ट्रॉनिक्स घेतले. द्वितीय भाषा आणि आणखी एक विषय सोडून त्याबदली दोनशे गुणांचा हा एक विषय घ्यायचा, आणि त्यातले निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे. ह्या शेवटच्या कलमामुळे तो 'स्कोअरिंग' ठरला होता. आमच्या तुकडीत बहुतेकांनी त्याच कारणाने तो घेतला होता, मीही त्यांतलीच. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी हा रोधकांवरच्या पट्ट्यांचा क्रम मला आजही झोपेत म्हणता येतो, पण ज्या रेडिओची जुळणी आम्ही वर्षभर केली तो बोलला का, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही, कारण जर्नलवर सही झाली होती. त्याच सुमारास, त्याच शहरात, किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रमही चालत असत, आणि तिथे दहावीला कमी गुण पडलेली मुले जात. ह्या नावावर मी अनेकदा थांबले आहे. ज्याच्या नावातच 'किमान' आहे अशी गोष्ट कुठला सोळा वर्षांचा मुलगा अभिमानाने निवडेल? पुढे नाव बदलून उच्च माध्यमिक व्यावसायिक अभ्यासक्रम झाले, पण लोकांच्या तोंडून जुन्या नावाचे इंग्रजी लघुरूप 'एमसीव्हीसी' काही गेले नाही. एकीकडे द्विलक्षी संगणकशास्त्राच्या जागांसाठी नव्वद टक्क्यांची मुले रांगेत, आणि दुसरीकडे वायरिंग किंवा बांधकाम शिकवणारे वर्ग उरलेल्यांसाठी. दोन्ही ठिकाणी निवड गुणांनी केलेली असते. मुलाने स्वतःला विचारून केलेली नसते. अलीकडे तर क्लासवाल्यांशी जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत प्रवेश घेतला की कोणता विषय घ्यायचा हे क्लासच्या वेळापत्रकातच छापून आलेले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत पाडायचे ठरवले. निम्म्या विद्यार्थ्यांना तरी २०२५ पर्यंत व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा, असे उद्दिष्ट त्यात होते, आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या हाताखाली घालवता यावेत, ही मला त्यातली सगळ्यात शहाणी सूचना वाटते. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा एक अंदाज दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी, तर जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा वाचताना मला 'औपचारिक' ह्या शब्दाशी अडखळायला होते. बाबा त्या पाच टक्क्यांत कधीच नव्हते. धारावीत चामडे कापणारा किंवा काळबादेवीच्या पेढीवर पाटावर बसून दागिना घडवणारा मुलगाही त्यात नसतो. आपल्याकडे कसबाची वाण कधीच नव्हती. ते शाळेच्या फाटकाबाहेर राहिले, आणि ज्यांच्याकडे होते त्यांची मुले शाळेत आली ती ते विसरण्यासाठी.

माझी स्वतःची वाट शेवटी बँकेत गेली. स्पर्धापरीक्षा दिली, क्लार्क झाले, मग अधिकारी, आणि गेली बारा वर्षे मी लघुउद्योगांची कर्जे बघते. साकीनाका, कुर्ला, गोरेगाव इथल्या गाळ्यांमध्ये यंत्रांची पाहणी करायला जावे लागते. ताळेबंद मी टेबलावर वाचलेला असतो. गाळ्यात गेल्यावर मी आधी कानशींचा खण बघते. त्या ओळीने लावलेल्या आहेत की एकीवर एक फेकलेल्या, हे पाहायला मला कुणी सांगितलेले नाही आणि कर्जाच्या नमुन्यात तसा रकानाही नाही. एकदा एका मालकाने माझी नजर ओळखून विचारले, "मॅडम, तुम्ही फिटर आहात का?" मी म्हटले, "नापास फिटर." तिथून पुढचा अर्धा तास तो माझ्याशी व्याजदराबद्दल न बोलता कामाबद्दल बोलला, आणि ड्रॉइंग उलगडून दाखवताना मला समजावून सांगायची गरज नाही हे पाहून खूश झाला. ह्यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की शाळेतले टेक्निकल मला कर्ज ओळखायला शिकवून गेले. ज्या गाळ्यातल्या कानशी सर्वांत नीट लावलेल्या होत्या त्याचेच खाते पुढे थकले, कारण त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले. पण यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाचे बोलणे मला कळते, आणि त्या माणसालाही ते जाणवते.

भाचीच्या हेल्थकेअरची दोन वर्षे मी जवळून पाहिली. तिच्या शाळेत ह्या विषयासाठी आणलेला मानवी पुतळा पहिली सहामाही प्लॅस्टिकच्या आवरणातच होता. शिकवणाऱ्या बाई कंत्राटावर होत्या, चांगल्या होत्या, आणि दुसरीकडे बरी नोकरी मिळताच गेल्या. पुढचे तीन महिने तो तास मोकळा राहिला आणि गणिताच्या सरांनी तो आनंदाने घेतला. तरीही जे शिकवले गेले ते तिने मनापासून केले. हात धुण्याच्या पायऱ्या, तापमान घेणे, रुग्ण अंथरुणात असतानाच चादर बदलणे. माझ्या घरी येऊन तिने बाबांना कुशीवर वळवून चादर बदलून दाखवली. आधी चादर लांबीत गुंडाळून पाठीशी सारायची, नवी पसरायची आणि मग माणसाला त्या गुंडाळीवरून अलीकडे घ्यायचे. बाबा आता ऐंशी पार आहेत. नंतर ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, त्यांच्या मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजत बसली. बाबांनी विचारले, "किती?" ती म्हणाली, "अठ्ठ्याहत्तर, आजोबा." बाबा म्हणाले, "साचा ह्याच्या दुप्पट पळायचा," आणि बऱ्याच वेळाने, "बोटं मात्र बरोबर ठेवलीस."

दहावीच्या वर्षी त्यांना परळच्या एका रुग्णालयात एक दिवस नेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हे तिने वहीत लिहिले होते. तिथे तिने ते दोन मावश्यांना करताना पाहिले, आणि करून घेताना कण्हणारा माणूसही पाहिला. घरी येऊन ती जेवली नाही. आठवड्याने मला म्हणाली, "मावशी, मला ते काम येतं. पण मला ते रोज नाही करायचं." बहिणीच्या मते दोन वर्षे फुकट गेली, शिवाय संस्कृत सुटले ते सुटलेच. माझे मत तिच्या उलट आहे, पण तेही मला वाटते तितके पक्के नाही. मी 'नाही' म्हटले ते तीन वर्षे कानस ढकलून. भाचीच्या वाट्याला एकच दिवस आला. एका वाईट दिवसाने ती घाबरली की तिला खरेच काही उमगले, हे मला सांगता येत नाही. तिथे आणखी दहा दिवस मिळाले असते तर कदाचित तिचे तिला कळले असते. शाळेचा सगळा भर मात्र पुस्तक संपवण्यावर आणि प्रात्यक्षिकाचे गुण भरण्यावर होता. चाखून पाहण्यासाठी ठेवलेल्या पदार्थाचे आपण वजन करत बसतो, तसे काहीसे हे चालले आहे.

आता अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता, म्हणून मागच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. शाखा तिने विज्ञानच ठेवली आहे. द्विलक्षीतले काही घ्यायचे का, हे अजून ठरत नव्हते. कागदपत्रे पंख्याने उडू नयेत म्हणून तिने माझ्या टेबलावरचा लोखंडी तुकडा त्यांवर ठेवला, मग उचलून उलटसुलट करून पाहिला आणि हे काय आहे म्हणून विचारले. मी सांगितले. गुण्या घरात नव्हता. तिने कंपासपेटीतली स्टीलची पट्टी काढली, तुकड्याच्या कडेवर उभी टेकवली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि एक डोळा मिटला.

"मावशी, दोन्ही टोकांना उजेड दिसतोय."

"तेव्हाही दिसायचा. वीसपैकी अकरा मिळाले होते."

तिने पट्टी दुसऱ्या कडेला लावली.